भरती येईपर्यंत

भेराळीच्या कोळीवाड्यात कॅलेंडर घरोघरी आहे, मोबाइल माणसागणिक आहे, आणि त्या मोबाइलात भरती-ओहोटीच्या वेळा दाखवणारं काहीतरी केसरच्या मुलानंच, विनेशनं, सगळ्यांना घालून दिलेलं आहे. तरीही सकाळी होडी पाण्यात लोटायच्या आधी माणसं केसरच्या दारावरून जाताना हाक मारतात, "केसरबाय, पानी कवा?" चुलीपाशी बसलेली केसर मागे वळून न बघता अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवते आणि वेळ सांगते. तिथी धरायची, तिची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. हा हिशेब तिला सासूनं शिकवला, सासूला तिच्या सासूनं. मोबाइलात आणि केसरमध्ये थोडा फरक पडला तर भेराळीत मोबाइल चुकलेला असतो.

केसर साठीची आहे, बुटकी, रुंद, आणि आवाजानं अख्ख्या आळीला पुरून उरणारी. मुरुडच्या बाजारात तिनं उभी हयात मासळी विकली. तिच्या पाटीतल्या पापलेटला बोट लावून नुसतंच पुढं जायची कुणा गिऱ्हाइकाची प्राज्ञा नव्हती. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिनं बाजार सोडला आणि घरामागच्या अंगणात बोंबील सुकवायला घेतले. बाजार सुटला तरी तोंड तेवढंच राहिलं. नवरा हरेश्वर त्याच्या बरोबर उलटा. विचारलं तरी उत्तर देताना तो आधी समुद्राकडे बघतो. दोघांचा संसार बरा चालला, कारण एकाला बोलायचं असे आणि दुसऱ्याला ऐकण्याशिवाय गत्यंतर नसे.

पाण्याचा हिशेब केसर फक्त होड्यांसाठी करत नसे. तिच्या लेखी समुद्राचं पाणी आणि बाईच्या पोटातलं पाणी यांचं नातं होतं. भरतीला पोर पोटात खेळतं, ओहोटीला निजतं. पौर्णिमा-अमावस्येला उधाण आलं की लाथा मारतं, आणि अष्टमीच्या मागेपुढे, पाण्याला जोर नसतो त्या दिवसांत, ज्यांना कोळी भांग म्हणतात, तेव्हा तेही मलूल पडतं. जन्माला येतं ते भरतीबरोबर. जायचं असेल तर ओहोटीबरोबर जातं. आळीतल्या बाया पोटुशी राहिल्या की केसरला विचारायला यायच्या आणि ती छातीठोकपणे सांगायची. खरं ठरलं की नाव केसरचं, चुकलं तर दोष दिवस मोजणाऱ्या डॉक्टरचा. अशी तिची सोय होती.

एरवी ही सगळी गंमतच म्हणायची. पण या हिशेबाच्या तळाशी एक गोष्ट पुरलेली होती आणि ती गमतीची नव्हती.

विनेशच्या आधी केसरला एक मुलगा झाला होता. झाला म्हणजे, जन्मला तेव्हा तो गेलेला होता. केसर तेव्हा वीस वर्षांची. नववा महिना लागलेला, हरेश्वर बोटीवर, घरात ती आणि सासू. एका सकाळी तिला वाटलं, पोर हलत नाही. ती सासूपाशी गेली. सासू काही वाईट बाई नव्हती. तिनं मायेनं तिच्या पोटावरून हात फिरवला, पेरं मोजली आणि म्हणाली, "ओहोटी लागलीय गो. निजलाय त्यो. भरती येईपर्यंत थांब." केसर "बरं आये" म्हणाली आणि थांबली. मागल्या दारी उंबऱ्यावर बसून तिनं दिवसभर खाडीकडे बघितलं. मुरुडहून अलिबागला, मोठ्या दवाखान्याच्या गावी जाणारी एस.टी. तेव्हाही होती. त्या सकाळी ती वरच्या रस्त्यानं गेली, तिचा हॉर्न केसरनं बसल्या जागी ऐकला. संध्याकाळी भरती आली, खाडी काठोकाठ भरली, होड्या तरंगल्या. पोटातलं काही हललं नाही.

सासूनं तेव्हा तिला कुशीत घेतलं आणि सांगितलं, "ओहोटीनं नेला. आपल्या हातात काय न्हवता." हरेश्वर समुद्रावरून परतला तेव्हा केसरनं त्यालाही तेवढंच सांगितलं, "ओहोटीनं नेला." त्यानं मान हलवली आणि पुन्हा कधी विषय काढला नाही. त्या एका वाक्यावर दोघं जगली. पुढे विनेश झाला, तो भर उधाणाच्या भरतीला, आणि केसरचा त्या हिशेबावर पक्का विश्वास बसला. तो बसवून घेण्यावाचून तिला दुसरा इलाजही नव्हता.

आता सून हेतल. करंजा गावची पोर. बारावी होऊन न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायची. लग्नात आळीतल्या बायांनी नाकं मुरडली की ही ऑफिसवाली मासळी काय साफ करणार. हेतलनं पहिल्याच आठवड्यात अशी काही घोळ मासळी साफ केली की नाकं पुन्हा सरळ झाली. केसरला ती आवडली, पण आवडलं की बोलून दाखवायचं हा तिचा स्वभाव नव्हता. आवडत्या माणसाला ती जास्त ओरडायची.

पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण हेतलला आई नव्हती. केसर म्हणाली, "मी हाय ना. मी काय मेलीय?" विषय संपला. त्यामुळे नववा लागला तरी हेतल भेराळीतच होती आणि तिच्यापुढे जायला दुसरं दार नव्हतं.

गावची आशा कार्यकर्ती अमिषा महिन्यातून दोनदा यायची. वजन करायची, गोळ्या द्यायची. शेवटच्या खेपेला तिनं हेतलला समोर बसवून सांगितलं, "बाळाचं हलणं रोजच्यापेक्षा कमी वाटलं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. ताबडतोब अलिबागला जायचं. कळलं?" केसर बाजूला बोंबलांची डोकी उडवत होती. ती फणकारली, "आन् भांगात काय करायचा? दर भांगाला अलिबाग गाठायचा? आमची पोरं काय तुझ्या तक्त्यावर वाढली?" अमिषा हसून निघून गेली. हेतल हसली नाही. तिनं सासूकडे पाहिलं आणि मग आपल्या पोटाकडे.

थंडीच्या सुरुवातीची ती दशमी होती. बोट तीन दिवसांपूर्वी गेलेली, हरेश्वर आणि विनेश दोघंही तिच्यावर. केसर पहाटे उठून चहा टाकत होती तेव्हा हेतल स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. केस विस्कटलेले, एक हात पोटाखाली.

"आई, बाळ कालपासून नीट हलत नाहीये."

साखर घेणारा केसरचा हात डब्यातच राहिला. पण तो क्षणभरच. "भांग हाय बाय. दशमीचा पानी. त्याला जोर न्हाय, तर पोराला कुठना येल? चा घे."

"भांगात पण हलत होतं ना. मागच्या वेळी रात्रभर झोपू दिलं नव्हतं."

"मागल्या वेळी त्यो लहान व्हता, जागा व्हती खेलायला. आता अडकलाय. भरती चढतेय, बघ आता हलल."

हेतलनं चहा घेतला. मग शहाळ्याचं पाणी घेतलं, अमिषानं सांगितल्याप्रमाणे डाव्या कुशीवर निजली. खिडकीतून खाडी दिसत होती. पाणी चढत होतं, चिखलात कलंडलेल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. केसर कॉटशेजारी बसली आणि तिनं तळवा सुनेच्या पोटावर ठेवला. दोघी श्वास धरून बसल्या. बऱ्याच वेळानं तळव्याखाली काहीतरी सरकल्यासारखं झालं, कूस बदलताना माणूस सरकतं तसं. लाथ नव्हती ती.

"हललं!" केसर म्हणाली.

"ते मी हलले, आई."

"तू कशापायी हलशील? त्योच हलला." असं म्हणून ती उठली. खरं तर तिला त्या खोलीत बसवत नव्हतं.

भरती आली तशी उतरायला लागली. भांगाचं पाणी ते, येतानाही आळशी आणि जातानाही. हेतल कुशीवर पडूनच होती. तिनं विनेशला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला. पुन्हा तीच बाई तेच बोलली. हेतलनं तिसऱ्यांदा नंबर काढला तो अमिषाचा. केसरला ते दाराआडून दिसलं, पण अडवायचं कसं ते सुचेना.

अमिषाचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. ती पलीकडच्या गावात लसीकरणाला गेली होती. "अगं मग निघ ना! थांबलीस कशाला? गाडी बघ, मिळेल ती. सासूबाईंना दे फोन."

केसरनं फोन कानाला लावला, पण कानापासून चार बोटं लांब. नव्या फोनवर तिचा तेवढाच भरवसा होता. "व्हय... व्हय गो... ऐकलाय मी. सकाळच्याला जरा हललाय. संध्याकालच्या भरतीला बघू, न्हाय हलला तर नेतो. ... तू मना शिकवू नको. मी दोन बाळंतपनां केलीत." दोन म्हणताना तिची जीभ अडखळली, पण पलीकडे ते कळलं नाही. तिनं फोन बंद केला आणि हेतलच्या उशाशी ठेवला.

हेतल छताकडे बघत होती. डोळ्यांतून पाणी येऊन कानांकडे ओघळलं होतं, पण आवाज नव्हता. तिनं भांडावं असं केसरला फार वाटलं. 'म्हातारे, तुला काय कळतं,' असं तिनं म्हणावं, चपला घालून तरातरा निघावं, मग केसर शिव्या देत का होईना तिच्या मागे गेली असती. सगळा दोष सुनेचा झाला असता. पण हेतल भांडली नाही. ती परक्या घरात होती, आई नसलेली, नवरा समुद्रावर असलेली.

"बरं आई," ती म्हणाली. "भरती येईपर्यंत थांबते."

केसर तशीच मागल्या अंगणात गेली. तिथे वलांडीवर, म्हणजे बांबूंना ताणलेल्या दोरांवर, बोंबील जोडीजोडीनं तोंडात तोंड अडकवून टांगलेले होते. तिनं ते उलटायला घेतले. हे काम तिचे हात झोपेतही करतील. एक जोडी सोडवायची, फिरवायची, पुन्हा अडकवायची. पण आज हात एका जोडीपाशी येऊन थांबले आणि तिला पुढची दिसेना.

खाडी रिकामी होत चालली होती. काठाचा चिखल उघडा पडला होता, आणि सकाळी सरळ झालेल्या होड्या पुन्हा कलंडायला लागल्या होत्या. ओहोटी लागून थोडाच वेळ झाला होता. दुपारपर्यंत पाणी उतरणार, मग कुठे वळणार, मग अंधार पडेपर्यंत चढणार. एवढा वेळ. तिनं पेरं मोजली आणि पहिल्यांदाच तिला त्या हिशेबाची भीती वाटली. बोटं तिला बाहेर सोडत नव्हती. तिथी, पाऊणपट, भरती, ओहोटी, पुन्हा तिथी. त्यात कुठेच 'आत्ता' नव्हतं.

भरती येईपर्यंत थांबते. हेच वाक्य होतं. हाच उंबरा, हीच खाडी. तिनंही असंच शहाण्या सुनेसारखं म्हटलं होतं.

मग ते सगळं एकदम वर आलं, जे तिनं चाळीस वर्षं दाबून ठेवलं होतं. हेतलला आत्ता उठवून नेली, या ओहोटीत नेली आणि पोर वाचलं, तर? तर मग तिचाही वाचला असता. मग ओहोटीनं त्याला नेला नव्हता. मग तो मागच्या उंबऱ्यावर तिच्याच पोटात, तिच्या डोळ्यांदेखत, वाट बघता बघता गेला होता, आणि वरच्या रस्त्यानं एस.टी. जात होती. नाही नेली तर मात्र तिचं वाक्य शाबूत राहत होतं. हेतललाही तेच सांगता आलं असतं, कुशीत घेऊन, मायेनं. केसरला स्वतःची किळस आली. असा विचार आपल्याला शिवू शकतो हेच तिला ठाऊक नव्हतं. पण तो शिवला होता, आणि तो खरा होता, आणि सकाळपासून ती याच विचाराच्या दाराला पाठ लावून उभी होती.

वरच्या रस्त्यावर हॉर्न वाजला. रतनचा टेम्पो. बर्फाच्या लाद्या उतरवून तो रोज या सुमाराला रिकामा परत अलिबागकडे जायचा, आणि आळीच्या तोंडाशी वळताना हॉर्न द्यायचा, पोरं चाकाखाली येऊ नयेत म्हणून.

केसरच्या हातातली बोंबलांची जोडी खाली वाळूत पडली. ती धावली. गुडघे, पदर, अनवाणी पाय, कशाचीच तिनं फिकीर केली नाही. बाजारात चाळीस वर्षं कमावलेला आवाज तिनं एकाच हाकेत खर्च केला. "रतन! मेल्या, थांब! थांब!"

टेम्पो कचकन थांबला. रतनला वाटलं, कुणाचं तरी कोंबडं चिरडलं. "काय झाला, केसरमावशी?"

"हेतलला अलिबागला न्यायची हाय. आत्ता."

"कळा लागल्या?"

"न्हाय लागल्या. म्हनूनच न्यायची हाय. इचारू नको, गाडी फिरव."

हेतलला कॉटवरून उठवताना केसरनं तिच्याकडे बघितलं नाही. "ऊठ बाय. चल." हेतल गोंधळली. "भरती...?" "भरतीला आग लाव," केसर म्हणाली. तिच्या तोंडून हे शब्द भेराळीत कुणी ऐकले असते तर खरे मानले नसते.

टेम्पोच्या केबिनमध्ये तिघं दाटीवाटीनं बसली. सीट बर्फाच्या पाण्यानं ओली होती आणि मासळीचा वास हाडात शिरलेला. रतन खड्डा चुकवायला बघायचा आणि दुसऱ्यात जायचा. प्रत्येक धक्क्याला केसर त्याच्या सात पिढ्या उद्धरायची. काशीदच्या अलीकडच्या घाटवळणावर हेतलनं तिचा हात गच्च धरला. "हललं वाटतं... की टेम्पो हलला?"

"हललं," केसर म्हणाली. तिला ठाऊक नव्हतं.

काशीदला सहलीच्या बसेस रस्त्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या. उंटावर बसून फोटो काढणारी माणसं रस्ता ओलांडत होती, हसत होती. रतननं हॉर्नवर तळहात ठेवला तो काढलाच नाही. कसाबसा रस्ता मिळाला. पुढे रेवदंड्याच्या पुलावर एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडत होते. त्यांच्या बाजूची रांग थांबलेली. पुढे गाड्या, मागे गाड्या, दोन्ही बाजूंना कठडे. उतरून पळायचीही सोय नव्हती. पलीकडून वाहनं येतच होती, एकामागून एक, सावकाश, जणू जगात कुणालाच कुठे पोचायचं नव्हतं.

केसरनं खिडकीतून खाली बघितलं. पुलाखाली खाडी खरवडल्यासारखी दिसत होती. मधोमध थोडं पाणी, ते समुद्राकडे चाललेलं. ओहोटी अजून संपली नव्हती. आयुष्यभर ज्या पाण्याकडे बघून तिनं लोकांना वेळा सांगितल्या, त्या पाण्याचा आज तिला राग आला. ते तिच्याशी काहीच बोलत नव्हतं. कदाचित कधीच बोललं नव्हतं. तिचा तळवा हेतलच्या पोटावर होता आणि तळव्याला काहीच लागत नव्हतं. तळव्याला हे आठवत होतं. असंच घट्ट, असंच गप्प पोट.

"आई," हेतल हळूच म्हणाली, "तुमचा हात गार पडलाय."

"बर्फाची सीट हाय ना गो."

अलिबागच्या एका खाजगी दवाखान्यात हेतलचं नाव आधीच नोंदवलेलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, केस वर बांधलेल्या. त्यांनी हेतलच्या पोटाला पट्टा बांधला आणि मशीन लावलं. आधी नुसती खरखर. त्या खरखरीत केसर भिंतीला चिकटून उभी होती आणि तिला वाटत होतं की आता ही बाई वळेल आणि तेच सांगेल. मग खरखरीतून ठोके आले. ठोके! केसरनं तोंडावर पदर दाबला. पण डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. ठोके येत होते, मध्येच मंदावत होते, पुन्हा येत होते, थकलेल्या माणसानं पायऱ्या चढाव्यात तसे. त्यांनी नर्सला काहीतरी सांगितलं आणि एकदम सगळ्यांची धावपळ सुरू झाली.

"बाळ दमलंय," त्या केसरला म्हणाल्या. "ऑपरेशन करून आत्ताच काढावं लागेल. कधीपासून कमी हलतंय?"

"कालपासून," केसर म्हणाली. खोटं बोलावंसं वाटलं नाही.

स्ट्रेचर आत गेलं. जाताना हेतलनं मागे वळून बघितलं. केसर अनवाणीच तिच्या मागे चालत गेली. दार बंद झालं. दाराच्या काचेला आतून हिरवा पडदा होता. केसर बाकावर बसली, उठली, पुन्हा बसली. देवाचं नाव घ्यावं तर कुठल्या तोंडानं, असं तिला झालं. सकाळी चहा टाकताना निघालो असतो तर, हे एकच तिच्या डोक्यात घुमत राहिलं. रतन कोपऱ्यात उभा होता. त्यानं न विचारता तिच्यासाठी चहा आणला, तो निवून गेला.

आणि मग दाराआडून रडणं ऐकू आलं. बारीक, चिडकं, फाटक्या आवाजाचं. केसरला वाटलं, असं सुंदर काही आपण ऐकलेलं नाही.

"मुलगी आहे," डॉक्टरीणबाई बाहेर येऊन म्हणाल्या. आता कुठे त्या हसल्या. "जरा अशक्त आहे, दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवू, पण होईल छान. हेतलही ठीक आहे. आजी, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर मला काही करता आलं नसतं. अशा वेळी वाट बघायची नसते. आणलंत हे फार चांगलं केलंत."

त्या आत गेल्या. केसर तिथेच बसून राहिली. रतन म्हणाला, "मावशी, रडता काय? पेढं वाटा." त्याला वाटलं, आनंदाचे अश्रू आहेत. थोडे आनंदाचेही होते. केसरनं त्याला पैसे दिले आणि पेढे आणायला पिटाळलं, म्हणजे निदान घटकाभर तिच्याकडे बघायला कुणी राहणार नाही. आतून बाळाचं रडणं येत होतं. चाळीस वर्षांपूर्वी हे रडणं तिलाही ऐकायला मिळालं असतं. आता हा विचार अडवायला तिच्याकडे दार उरलं नव्हतं.

रात्री हरेश्वर आणि विनेश आले. बोट संध्याकाळच्या भरतीबरोबर खाडीत शिरली होती, आणि धक्क्यावर पाय ठेवताच आळीनं त्यांना बातमी सांगितली होती. कपडे बदलायलाही थांबले नव्हते दोघं. विनेश आईच्या पायाशी वाकला आणि धावतच हेतलकडे गेला.

हरेश्वर बाकावर केसरशेजारी बसला. त्याच्या अंगाला डिझेलचा आणि मिठाचा वास होता. त्याचा चेहरा इतका खुलला होता की तो आज चक्क आपणहून बोलला.

"नात झाली म्हन. भरतीची ना?"

'व्हय' एवढा एक शब्द केसरनं म्हटला असता तर सगळं जिथल्या तिथे राहिलं असतं. तिचा हिशेब, तिचा मान, या माणसाची झोप. चाळीस वर्षांपूर्वी तो असाच समुद्रावरून आला होता, असाच शेजारी बसला होता, आणि तिनं सांगितलं ते त्यानं न बोलता घेतलं होतं. पुन्हा तसंच सांगणं अवघड नव्हतं. पण आत ती पोर रडत होती, आणि तिच्याच जन्माच्या दिवशी तिच्याच नावानं खोटं बोलणं केसरला जमेना.

"न्हाय," ती म्हणाली. "ओहोटीची. खाडीत टिपूस न्हवता तवा आली."

"काय सांगतस? ओहोटीला कुठं पोर..." हरेश्वर हसत म्हणाला आणि मध्येच थांबला. हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, मग हळूहळू गेलं. त्यानं सवयीनं समुद्राकडे बघायला मान वळवली. तिथे दवाखान्याची भिंत होती.

"तवापन," तो भिंतीकडेच बघत म्हणाला, "तवापन अलिबाग एवढाच लांब व्हता, न्हाय?"

"एवढाच," केसर म्हणाली.

त्यानं आपला खरखरीत हात तिच्या हातावर ठेवला. आतून विनेश त्यांना हाका मारत होता, आई, बाबा, या ना, बघा तर खरं. दोघंही बसून राहिली. लगेच उठणं त्यांना जमलं नाही.